खाणीतून बाहेर पडणारे पाणी

(बारामती व इंदापूर परिसरातील मंडळ्यांच्या एकत्र सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी किंचित संक्षेप केला आहे.)



मागच्या तिमाहीत आपल्यापैकी काही कुटुंबांनी एक चांगली सूचना केली. विदर्भातल्या कोळसा पट्ट्यात कोलाम आणि गोंड बांधवांच्या वस्त्यांवर पिण्याच्या पाण्याची अडचण आहे, तर आपल्या देणग्यांतून एखाद्या वस्तीवर बोअर पाडून द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मला बोलायला सांगितले आहे. बोअरला माझा विरोध नाही. पण खाणीशेजारच्या गावात बोअर पाडण्याआधी, खाण पाण्याचे काय करते हे समजून घ्यावे लागते. ते समजले नाही तर आपला पैसा जमिनीत जाईल आणि वस्तीवरच्या बायाबापड्या पुन्हा हंडा घेऊन नाल्यावर जातील.

खाण दूर चंद्रपूर-यवतमाळला आहे, आपल्याकडे कोळसा नाही, तेव्हा आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. पण हा विषय मुळात निचऱ्याचा आहे, आणि निचरा म्हणजे काय हे बारामती-इंदापूरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी भागात पाणी आले, ऊस आला, पैसा आला. पण पाणी आणण्याचा जितका विचार झाला, तितका ते बाहेर काढण्याचा झाला नाही. पुढच्या काही दशकांतच सखल जमिनींत पाणी साचले, वर मीठ फुटले, चांगली काळी रानं चोपण झाली. मग सरकारला चर खोदावे लागले. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या रानात आजही ते चर आहेत, आणि चर गाळाने बुजला की काय होते हे तुम्ही जाणता.

इंदापूरच्या मंडळींना दुसरी गोष्टही ठाऊक आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. गावे उठली, पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले आणि पाणी ओसरले की ते अजून दिसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून शेवटी तुमच्या दारातल्या त्याच जलाशयात येते. वरच्याने घाण करायची आणि खालच्याने प्यायची, याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही. कोळसा पट्ट्यातली गावे त्याच 'खालच्या' जागी बसलेली आहेत.

आता तो मुलूख थोडा डोळ्यांसमोर आणू. वर्धा नदीच्या एका अंगाला यवतमाळ जिल्ह्यातला वणी, दुसऱ्या अंगाला भद्रावती, घुग्घुस, चंद्रपूर, आणि खाली राजुरा, कोरपना. वढ्याजवळ पैनगंगा वर्धेला मिळते, चंद्रपूरजवळून इरई येऊन मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. या खोऱ्याच्या पोटात कोळसा आहे. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली, आणि तिची नागपूरची कंपनी वेस्टर्न कोलफील्ड्स आज तिथल्या बहुतेक खाणी चालवते. २९२० मेगावॉटचे मोठे औष्णिक वीज केंद्र चंद्रपूरलाच आहे. आपल्या विहिरीवरची मोटर रात्री चालू होते तेव्हा तिच्यात तिथल्या कोळशाचाही वाटा असतो. हेही आपल्या संबंधाचे एक कारण आहे.

या भागात गोंड मोठ्या संख्येने आहेत आणि कोलाम थोडे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गटांत धरल्या आहेत. कोलामांच्या वस्तीला यवतमाळकडे पोड म्हणतात, राजुरा-जिवतीकडे गुडा. बऱ्याच घरांची जमीन थोडी किंवा नाहीच. मग गुरे चारणे, मजुरी, जंगलातून मिळेल ते, आणि पाणी नाल्याचे किंवा उथळ विहिरीचे. आपण ज्याला ओढा म्हणतो त्याला तिकडे नाला म्हणतात. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला खाण आली की मोबदला मिळतो. ज्याचा फक्त नाला होता, त्याला नाला गेल्याचा मोबदला कोण देणार?

खाण पाण्याचे तीन प्रकारे नुकसान करू शकते. ते वेगळे वेगळे समजून घेऊ.

पहिले, पाणी खाली जाते. आता बहुतेक खाणी खुल्या आहेत, म्हणजे वरची सगळी माती आणि खडक काढून कोळशापर्यंत जायचे. त्या भागात कोळशाच्या वर वाळूच्या खडकाचे थर असतात आणि त्यांत पाणी भरलेले असते. खड्डा त्या पाण्याच्या पातळीखाली गेला की चहूबाजूंनी पाणी खड्ड्यात झिरपते. काम चालावे म्हणून ते रात्रंदिवस उपसावे लागते. शेजारी एखाद्याने तुमच्यापेक्षा खोल विहीर घेऊन दिवसरात्र मोटर लावली, तर तुमच्या विहिरीचे जे होते, तेच आजूबाजूच्या विहिरींचे होते.

दुसरे, पाणी गढूळ होते आणि त्यात क्षार येतात. एक टन कोळशामागे कित्येक घनमीटर माती-दगड काढावे लागतात, आणि त्याचे डोंगराएवढे ढिगारे लावतात. आपल्याकडे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, चंद्रपूरकडे १२०० मिलिमीटरच्या आसपास. तोही थोड्या दिवसांत आणि जोराचा. सैल ढिगाऱ्यावर असा पाऊस पडला की माती नाल्यात उतरते.

तिसरे, पाण्याची वाट अडते. ढिगारा नाल्याच्या पात्राजवळ लावला, किंवा नाला वळवला आणि नवे पात्र अरुंद ठेवले, तर पुराचे पाणी वर तुंबते. इरईच्या काठावरचे मातीचे ढिगारे आणि चंद्रपूर शहरात शिरणारे पुराचे पाणी, याची चर्चा तिथे वर्षानुवर्षे चालू आहे.

मग उपाय नाही का? आहे, आणि तो फार अवघडही नाही. पहिला नियम असा की चांगले पाणी आणि खाणीचे पाणी एकमेकांत मिसळू द्यायचे नाही. खाणीच्या वरच्या बाजूने येणारे पावसाचे पाणी खड्ड्यात शिरण्याआधीच चर काढून बाजूने नाल्यात सोडायचे. ते खाणीला शिवलेच नाही, तर घाण होण्याचा प्रश्नच नाही. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी भिंत आणि तिच्या आत चर. त्या चरातले आणि खड्ड्यातून उपसलेले पाणी गाळ बसण्यासाठी तळ्यात न्यायचे. ते तिथे पुरेसा वेळ थांबले पाहिजे. मग तपासायचे आणि नंतरच बाहेर सोडायचे.

'पुरेसा वेळ' या दोन शब्दांतच सगळी गोम आहे. बारीक वाळू एक मीटर खाली बसायला दोन-तीन मिनिटे लागतात. पोयट्याच्या कणाला तीन-चार तास. अगदी बारीक चिकणमातीला कित्येक दिवस. तळे लहान असेल, किंवा मागच्या वर्षीच्या गाळाने अर्धे भरलेले असेल, तर पाणी एका बाजूने येते आणि तसेच दुसऱ्या बाजूने जाते. कागदावर तळे असते, पण नाला लालच वाहतो.

आकाराचा हिशेब आपणही करू शकतो. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होते. शंभर हेक्टरच्या खाणीवर एका दिवसात तेवढा पाऊस झाला तर १० कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. थोडे जिरेल, पण बाकीचे कुठे तरी जाणारच. म्हणूनच पर्यावरण मंजुरीच्या पत्रात साधारणपणे अशी अट असते की चर आणि तळी त्या भागातल्या जास्तीत जास्त पावसाचा हिशेब धरून आणि त्यावर ५० टक्के जादा ठेवून बांधावीत, आणि त्यांतला गाळ नियमित काढावा. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मृगाच्या आधी चर साफ पाहिजे.

आता पाण्याच्या गुणाबद्दल. कोळशात आणि त्याच्या शेजारच्या खडकात कुठे कुठे लोह आणि गंधक एकत्र असलेले खनिज असते. त्याला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते, आणि आम्ल पाण्यात धातू विरघळतात. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत हे फार झाले. तिथल्या नद्यांतले मासे गेले, आणि राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींवर बंदी घातली. आपल्या वर्धा खोऱ्यातले खाणीचे पाणी बहुतांशी तसे आंबट नसते. ते जड असते, त्यात सल्फेट आणि इतर क्षार जास्त असतात. त्याने लोक लगेच आजारी पडत नाहीत, म्हणून तक्रारही होत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि लोक म्हणतात, पाणी बदललंय.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि ते खडकातून आलेले आहे. मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, वय झाल्यावर सांधे आखडतात. प्रत्येक गोष्टीचे खापर खाणीवर फोडून चालणार नाही. पण म्हणूनच बोअरबद्दल सावध राहायला हवे. उपशामुळे पातळी खाली गेली, म्हणून आपण जास्त खोल बोअर घेतली, आणि तिच्यात फ्लोराइड निघाले, तर आपण दान म्हणून काय दिले?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्यासाठी सप्टेंबर २००० पासून देशभर मानके आहेत. आम्लता ५.५ ते ९ च्या दरम्यान, तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेल आणि ग्रीस १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, वगैरे. पिण्याच्या पाण्याचे मानक वेगळे आहे. त्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर फार तर १.५. विरघळलेले क्षार ५०० आणि पर्याय नसेल तर २०००. हा फरक नीट लक्षात ठेवा. खाणीने नियमाप्रमाणे सोडलेले पाणीसुद्धा पिण्यायोग्य असेलच असे नाही. अधिकारी म्हणतात, पाणी मानकात आहे. वस्तीवरची बाई म्हणते, पाणी पिववत नाही. दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. ज्या वस्तीला नाल्याशिवाय दुसरे पाणी नाही, तिथे हा फरक म्हणजे रोजचे जगणे आहे.

खाणीचे पाणी वाया गेलेच पाहिजे असेही नाही. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे खाणीतून उपसलेले पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरले गेले. म्हणजे मनावर घेतले तर होते. प्रश्न एवढाच की ते पाणी कोणाच्या दारापर्यंत पोहोचते.

आता, हे सगळे तपासतो कोण? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागते. त्याआधी जनसुनावणी होते. तिची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, द्यावा लागतो. मंजुरी मिळाल्यावर अटी पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. विहिरींची पातळी आणि पाणी वर्षातून चार वेळा तपासण्याची अट बहुतेक मंजुऱ्यांत असते: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी. राजुरा, कोरपना, जिवती भागातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला आणखी अधिकार आहेत.

म्हणजे कायदे कमी नाहीत. पण मंजुरीचे पत्र इंग्रजीत, सहामाही अहवाल इंग्रजीत आणि तक्ते आकड्यांचे. ज्याची मातृभाषा कोलामी आहे आणि मराठी ही दुसरी भाषा, त्याच्यासाठी तो कागद असून नसल्यासारखा. जनसुनावणीत तो उभा राहून म्हणतो, साहेब, आमचा नाला गेला. त्यावर त्याला विचारतात, पुरावा काय? नाला आधी कसा होता याची नोंद त्याच्याकडे नसते. ती कोणी ठेवलेलीच नसते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात एक दृश्य आहे. दांडगी मेंढरे स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले पायाने गढूळ करून ठेवतात, मग दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागते. त्या अध्यायात देव दांडग्यांकडे जाब मागतो. फक्त पाणी पिण्याबद्दल तक्रार नाही, ती पाणी खराब करून ठेवण्याबद्दल आहे. खाणीच्या बाबतीतही मला एवढेच म्हणायचे आहे. कोळसा काढू नका असे मी म्हणत नाही. त्याच वस्त्यांवरची तरुण पोरे खाणीत आणि कोळशाच्या ट्रकवर कामाला जातात, त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. पण कोळसा काढताना खालच्याचे पाणी राखणे ही उपकाराची गोष्ट नाही. ती अट आहे, आणि ती पाळली जावी एवढेच मागणे आहे.

खाण संपल्यानंतरचाही विचार लागतो. कोळसा संपला की उपसा थांबतो, आणि उरलेल्या खड्ड्यात हळूहळू पाणी भरते. तो तलाव उपयोगाचा होईल की धोक्याचा, हे त्याचे काठ उताराचे केले का, कुंपण आहे का, आणि पाणी कसले आहे यावर ठरते. म्हणूनच २००९ पासून खाण बंद करण्याची योजना आधीच द्यावी लागते आणि त्यासाठी पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. योजनेत काय लिहिले आहे, हे खाण चालू असतानाच गावाने विचारायला हवे. खाण बंद झाल्यावर विचारायला तिथे कोणी उरत नाही.

तर आता आपल्या देणगीबद्दल. माझी सूचना चार कामांची आहे.

एक. बोअरच्या आधी तपासणी. वस्तीची प्रत्येक विहीर, हातपंप आणि नाला, वर्षातून चार वेळा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड, क्षार, सल्फेट आणि जंतू तपासून घ्यावेत. हातात धरायचे क्षार मोजणारे छोटे यंत्र उपयोगी आहे, पण ते फ्लोराइड किंवा जंतू दाखवत नाही, हे वापरणाऱ्याला सांगून ठेवावे.

दोन. नोंदवही. वस्तीतल्याच दोन शिकलेल्या मुलींना शिकवावे. विहिरीला क्रमांक द्यायचा, दोरीला गाठी मारून पाण्याची पातळी मोजायची, तारीख लिहायची, पाऊस किती झाला ते लिहायचे, नाल्याचा रंग लिहायचा. रासायनिक तपासणीसाठीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना घ्यायचा आणि तिच्यावर चिठ्ठी लावायची. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहेच, तिचा लाभ घ्यावा. दोन पावसाळ्यांची अशी वही हाती आली की जनसुनावणीत 'पुरावा काय' या प्रश्नाला उत्तर मिळते.

तीन. कागद समजावणे. जवळच्या खाणीच्या मंजुरीतल्या पाण्याच्या अटी सोप्या मराठीत, आणि कोलामी जाणणाऱ्याच्या मदतीने, ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. त्यात बहुधा असेही आढळेल की विहिरी आटल्या तर पाण्याची सोय कंपनीने करायची आहे. ते काम कंपनीकडून करून घ्यायला गावाला मदत करणे, हे त्याच कामावर आपले पैसे घालण्यापेक्षा बरे.

चार. एवढे करून पिण्याच्या पाण्याची सोय राहिली, तर जे पाणी तपासणीत उतरेल तेच द्यावे. कुठे ती चांगली उथळ विहीर दुरुस्त करणे असेल, कुठे शाळेच्या छतावरचे पाणी टाकीत साठवणे, आणि कुठे बोअरसुद्धा.

मला माहीत आहे, बोअरवर पाटी लावता येते आणि नोंदवहीवर लावता येत नाही. वर्षअखेरीच्या अहवालात छापायला नोंदवहीचा चांगला फोटोही येणार नाही. पण आपल्या आजोबांच्या रानात मीठ फुटले तेव्हा आणखी पाणी देऊन ते रान सुधारले नाही. साचलेल्या पाण्याला वाट काढली, तेव्हा सुधारले. ते काम दिसत नव्हते, जमिनीच्या आत चालले होते, आणि त्यावर आज आपण ऊस घेतो.

येत्या मे महिन्यात, पावसाआधी, पहिले नमुने घ्यायचे आहेत. ज्यांना या कामासाठी देणगी द्यायची आहे त्यांनी पावतीवर 'पाणी तपासणी' असे लिहावे. विज्ञान शिकलेल्या तरुणांनी आठ दिवसांची सुट्टी काढून नमुने घ्यायला यावे, त्यांची तिथे फार गरज आहे. आणि आपल्यापैकी जे निवृत्त पाटबंधारे कर्मचारी आहेत, ज्यांनी आयुष्यभर चाऱ्या आणि चर सांभाळले, त्यांनी एकदा येऊन तिथला नाला आणि तळी पाहावीत. चर बुजला आहे की वाहतो आहे, हे तुमच्याइतके अचूक कोणी सांगू शकणार नाही.